एकच पान, अनेक ब्राउझर : संकेतस्थळ काढणाऱ्या व्यापाऱ्याने काय जाणून घ्यावे?

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी, आंधळगाव, पवनी या भागातील कोशाचा आणि हातमागाचा माल पूर्वी दलालामार्फत नागपूरच्या बाजारात जात असे. आज तोच माल मोबाइलवरूनही विकला जातो. विदर्भाच्या करवतकाठी साडीला भौगोलिक निर्देशांक मिळालेला असल्याने दूरदूरचे गिऱ्हाईक त्या नावाने शोध घेते. त्यामुळे आमच्या अनेक व्यापारी बांधवांनी पदरचे पैसे खर्चून दुकानाचे संकेतस्थळ, म्हणजे वेबसाइट, तयार करून घेतली आहे.

थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू होतात. एक गिऱ्हाईक म्हणते, फोटो दिसत नाहीत. दुसरे म्हणते, बटण सापडत नाही. दुकानदार स्वतःच्या फोनवर उघडून पाहतो तर सारे ठीक! संकेतस्थळ बनवणाऱ्यास विचारावे तर तो म्हणतो, "माझ्याकडे बरोबर दिसते." या तिघांपैकी कोणीही खोटे बोलत नसते. मग चूक कोठे आहे? हे समजल्याशिवाय व्यापाऱ्याने या कामी पैसा घालू नये, असे आमचे मत आहे. म्हणून हा विषय आम्ही येथे शक्य तितक्या सोप्या भाषेत मांडत आहोत.

ब्राउझर म्हणजे कारागीर

छापील जाहिरात जशी छापली तशीच सर्वांच्या हाती पडते. संकेतस्थळाच्या पानाचे तसे नाही. गिऱ्हाइकाच्या फोनवर तयार पान पोहोचत नाही, पोहोचते ती सूचनांची यादी. येथे शीर्षक घ्या, येथे चित्र घ्या, अक्षर एवढे मोठे ठेवा, काठ एवढा सोडा, अशा त्या सूचना असतात. त्या वाचून पान प्रत्यक्ष तयार करण्याचे काम फोनमधील किंवा संगणकातील ब्राउझर करतो. क्रोम, सफारी, फायरफॉक्स, एज ही त्यांची नावे.

कापडाच्या धंद्यातील माणसास हे लगेच कळेल. एकच नमुना दोन गावच्या दोन विणकरांकडे दिला, तर दोन्ही नग तंतोतंत सारखे येत नाहीत. नमुन्यात जे स्पष्ट लिहिलेले नसते, ते प्रत्येक कारागीर आपल्या सवयीने भरून काढतो. ब्राउझरही तेच करतात. शिवाय एखादी नवी सूचना जुन्या ब्राउझरला ठाऊकच नसते. तो ती मुकाट्याने सोडून देतो आणि पुढे जातो.

हा गोंधळ सुरू कसा झाला?

टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील सर्न या संस्थेत १९९० साली पहिला ब्राउझर तयार केला. १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून मोझेक आला आणि चित्रांसह पाने पाहणे सामान्य माणसास सोपे झाले. १९९४ च्या अखेरीस नेटस्केप नॅव्हिगेटर बाजारात आला. ऑगस्ट १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर आणला. योगायोग असा की त्याच महिन्यात, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आपल्या देशात विदेश संचार निगमने जनतेसाठी इंटरनेट सेवा सुरू केली.

या दोन कंपन्यांची चुरस पुढे 'ब्राउझरचे युद्ध' म्हणून प्रसिद्ध झाली. गिऱ्हाईक ओढण्यासाठी दोघांनीही मनाला येतील त्या सूचना वाढवल्या. नेटस्केपने अक्षरे लुकलुकवण्याची सूचना काढली, तर एक्स्प्लोररने ओळ सरकवण्याची. एकाची सूचना दुसऱ्याला कळेना. १९९७ साली दोघांच्या चौथ्या आवृत्त्या आल्या, तेव्हा पानावरील एखादा भाग हलवायचा असेल तर एकच काम दोन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहावे लागे.

वस्तुतः सर्वांसाठी एक नियम ठरवणारी डब्ल्यू-थ्री-सी ही संस्था १९९४ सालीच स्थापन झाली होती. पण नियम कागदावर राहिले आणि बाजार आपल्या वाटेने गेला. अखेर १९९८ साली संकेतस्थळे बनवणाऱ्या कारागिरांनीच 'वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट' नावाची संघटना उभी केली. ब्राउझरांच्या या भांडणामुळे संकेतस्थळाचा खर्च निदान पंचवीस टक्क्यांनी वाढतो, असे तिचे म्हणणे होते. भांडण दोन कंपन्यांचे आणि भुर्दंड मात्र तिसऱ्याला! व्यापारात हे काही नवीन नाही.

पन्ह्याचा वाद

या साऱ्या भांडणातील एक उदाहरण कापड व्यापाऱ्याने अवश्य लक्षात ठेवावे. साडीचा पन्हा ४५ इंच म्हटल्यावर त्यात दोन्ही काठ धरायचे की नाही, हे आधी ठरलेले नसेल तर व्यवहारात तंटा ठरलेलाच. संकेतस्थळांच्या जगात नेमका हाच तंटा कित्येक वर्षे चालला.

समजा, पानावरील एका चौकटीची रुंदी ३०० बिंदू सांगितली. आतील मोकळी जागा दोन्ही बाजूंस वीस-वीस बिंदू आणि काठ पाच-पाच बिंदू. नियम सांगत होता की ३०० ही फक्त आतील मजकुराची रुंदी, मोकळी जागा व काठ वेगळे. म्हणजे एकूण चौकट ३५० बिंदूंची. एक्स्प्लोररची पाचवी आवृत्ती मात्र ३०० मध्येच सर्व काही बसवी, त्यामुळे मजकुरास २५० बिंदू उरत. एकाच मापाचे दोन अर्थ झाले. परिणामी एका ब्राउझरवर नीट बसलेली मांडणी दुसऱ्यावर फुटे. शेजारची चौकट खाली घसरे आणि चित्रावर मजकूर चढे.

२००१ साली आलेल्या एक्स्प्लोररच्या सहाव्या आवृत्तीने नियम मानला, पण एका अटीवर. पानाच्या अगदी पहिल्या ओळीत 'हे पान नियमाप्रमाणे आहे' अशी घोषणा हवी. ती ओळ राहून गेली की माप पुन्हा जुन्या पद्धतीने! एका ओळीसाठी कारागिरांनी रात्री जागवल्या. पुढे नियमातच सोय करण्यात आली. काठासकट मोजायचे की काठाविना, हे आता पान बनवणाऱ्यास स्पष्ट सांगता येते. गंमत अशी की बहुतेक कारागीर आज काठासकटच मोजतात, कारण हिशेबाला तेच सोपे पडते. बोध एवढाच की कोणती पद्धत चांगली, यापेक्षा पद्धत आधी ठरलेली असणे महत्त्वाचे. माप न ठरवता केलेल्या व्यवहारात मापात पाप शिरतेच, मग नीयत कोणाचीही वाईट नसो.

मराठी अक्षरांचे हाल

इंग्रजी पानांचे हे हाल, तर आपल्या मराठीचे विचारूच नका. युनिकोड ही सर्व लिप्यांची सामाईक व्यवस्था १९९१ पासून होती. त्याच वर्षी भारतीय लिप्यांसाठी इस्की हे राष्ट्रीय मानकही आले. पण छपाईच्या व्यवसायात प्रत्येक कंपनीचा फॉन्ट आपापल्या मांडणीचा होता. एका फॉन्टमध्ये ज्या जागी 'क' त्या जागी दुसऱ्यात भलतेच अक्षर.

मराठी वृत्तपत्रे इंटरनेटवर आली ती हेच फॉन्ट घेऊन. वाचकाच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसे. यावर तोड म्हणून फॉन्ट पानासोबतच पाठवण्याची युक्ती निघाली. परंतु येथेही भांडण आडवे आले. एक्स्प्लोररसाठी फॉन्टचा एक प्रकार, नेटस्केपसाठी दुसरा. बहुतेकांनी एक्स्प्लोररपुरतीच सोय केली. २००४ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली, तेव्हा तो वापरणाऱ्या मराठी वाचकास आपलेच वृत्तपत्र वाचता येईना. शेवटी अशा पानांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारे 'पद्मा' नावाचे एक जोडसाधन फायरफॉक्ससाठी तयार करण्यात आले. हळूहळू सर्वजण युनिकोडवर आले, तेव्हा हा प्रश्न मिटला. सर्वांनी एकच माप स्वीकारल्याचा हा लाभ होय.

व्यापाऱ्यास जवळचे दुसरे उदाहरण रुपयाच्या चिन्हाचे. सरकारने १५ जुलै २०१० रोजी नवे चिन्ह स्वीकारले. युनिकोडमध्ये ते त्याच वर्षी ऑक्टोबरात आले. पण लोकांना तेवढी सबुरी कोठली! एका कंपनीने ताबडतोब फॉन्ट काढला आणि कळफलकावरील एका उलट्या स्वल्पविरामासारख्या चिन्हाच्या जागी रुपया बसवला. ज्यांच्या संगणकावर तो फॉन्ट होता त्यांना रुपया दिसे, इतरांना नुसते ते मूळचे चिन्ह. पुढे युनिकोडचे खरे चिन्ह वापरले तरी जुन्या संगणकांवर त्या जागी रिकामा चौकोन येई. किमतीपुढे चौकोन पाहून गिऱ्हाईक काय समजणार?

अक्षरांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. मराठीतील 'ल' आणि 'श' यांची वळणे हिंदीहून वेगळी आहेत. पान मराठी आहे, अशी खूण पानात केलेली असेल आणि फॉन्टमध्ये तशी सोय असेल, तरच ब्राउझर मराठी वळण दाखवतो. 'व्यापाऱ्यांना' या शब्दातील अर्धा र काही जुन्या फॉन्टमध्ये नीट जुळत नसे.

आमच्या वाचकांपैकी अनेकजण उर्दूतही जाहिरात देतात. तेथे पान उजवीकडून डावीकडे वाचायचे आहे, हे ब्राउझरला सांगावेच लागते. न सांगितल्यास ओळीच्या शेवटचा पूर्णविराम भलत्या टोकाला जाऊन बसतो. शिवाय नस्तालीक फॉन्ट पानासोबत दिला नाही तर पुष्कळशा फोनवर मजकूर नस्ख वळणात उमटतो. नस्तालीकची ओळ तिरकी उतरते, म्हणून दोन ओळींत जास्त अंतर ठेवावे. नाही तर अक्षरांचे माथे कापले जातात.

सरकारी कामकाज आणि व्यापारी

स्वतःचे संकेतस्थळ नसलेल्या व्यापाऱ्याचीही यातून सुटका नाही. कर, निविदा, परवाने ही सारी कामे आता संकेतस्थळांवरच होतात. कंपनीला विवरणपत्रावर डिजिटल सही करावी लागते. अशी सही घेण्यासाठी अनेक ठिकाणी ब्राउझरमध्ये जावाचे जोडयंत्र बसवावे लागत असे. सुरक्षिततेच्या कारणाने क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये अशा जोडयंत्रांना दार बंद केले. काल होत असलेली सही आज होईना, अशी अवस्था झाली. पुढे सहीसाठी संगणकावर वेगळा प्रोग्राम बसवण्याची पद्धत आली.

जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला. त्याच्या संकेतस्थळाच्या तळाशी कोणत्या ब्राउझरची कोणती आवृत्ती चालेल हे लिहिलेले असे : एक्स्प्लोरर १०, क्रोम ४९, फायरफॉक्स ४५, सफारी ६ किंवा त्यापुढील. अशा ओळी आमचे बांधव वाचत नाहीत. मुदतीच्या शेवटच्या दिवशी काम अडले की मग धावाधाव होते. तळाची ओळ ही बिलावरील अटींसारखी असते, ती आधी वाचावी.

दक्षिण कोरियाचे उदाहरण याहून बोलके आहे. त्या देशाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस बँक व खरेदीच्या व्यवहारांसाठी अशी व्यवस्था उभारली की ती मायक्रोसॉफ्टच्या 'ॲक्टिव्ह-एक्स' या जोडयंत्रावर, म्हणजेच एकट्या एक्स्प्लोररवर, अवलंबून राहिली. सारा देश एका दुकानाचा बांधील गिऱ्हाईक झाला. त्यातून बाहेर पडण्यास वीस वर्षे लागली. जुन्या प्रमाणपत्राची मक्तेदारी डिसेंबर २०२० मध्ये संपली. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वरील एक्स्प्लोररचा आधारच काढून घेतला. ज्यांची जुनी कामे त्यावाचून अडतात त्यांच्यासाठी एज ब्राउझरमध्ये जुन्या पद्धतीची सोय निदान २०२९ पर्यंत ठेवण्याचे कंपनीने सांगितले आहे. ज्यांच्याकडे अशी जुनी प्रणाली आहे त्यांनी ही मुदत वहीत लिहून ठेवावी.

मोबाइलच्या जमान्यातील अडचणी

आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. क्रोम आणि एज यांच्या पोटातील इंजिन आता एकच आहे. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० पासून तेच स्वीकारले. २०२२ पासून ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला इत्यादी मंडळी 'इंटरॉप' नावाने दरवर्षी एकत्र बसून कोणते फरक मिटवायचे ते ठरवतात. तरीही फरक संपलेले नाहीत. आयफोनवरील ब्राउझरचे नाव क्रोम असले तरी आपल्याकडे त्याच्या आत सफारीचेच इंजिन असते, हे कित्येकांना ठाऊक नसते.

आमच्या परिचयाच्या एका दुकानात २०१९ च्या दिवाळीआधी असे घडले की संकेतस्थळावरील साड्यांचे सर्व फोटो 'वेबपी' या हलक्या प्रकारात ठेवले गेले. अँड्रॉइड फोनवर पान झटकन उघडू लागले आणि सर्वांना आनंद झाला. पण आयफोनवर एकही साडी दिसेना, कारण सफारीने तो प्रकार २०२० च्या सप्टेंबरात, चौदाव्या आवृत्तीपासून स्वीकारला. महागडी कोसा साडी घेणारे बरेचसे गिऱ्हाईक आयफोनवाले असते. त्यांना रिकाम्या चौकटी दिसल्या. पुण्याच्या एका बाईंनी स्क्रीनचा फोटो पाठवला तेव्हा कोठे उलगडा झाला. इतर कितीजण मुकाट्याने परत गेले, त्याचा हिशेब कोण देणार? वास्तविक एकाच चित्राचे दोन प्रकार ठेवून, 'हा जमत नसेल तर तो घे' असे ब्राउझरला सांगण्याची सोय तेव्हाही होती.

अशा आणखी काही गोष्टी :

पानाची उंची 'पूर्ण पडद्याएवढी' सांगितली की फोनवरील ब्राउझर आपल्या पट्टीची जागाही त्यात धरतात. त्यामुळे तळाचे 'मागणी नोंदवा' बटण त्या पट्टीखाली दडते. यासाठी नवी मापे २०२२ पासून मिळाली आहेत.

२०१७ साली आलेल्या जिओफोनमधील ब्राउझर फायरफॉक्सच्या ४८ व्या आवृत्तीच्या इंजिनावर उभा होता. चित्रे रांगेत व ओळीत मांडण्याची जी नवी 'ग्रिड' पद्धत मार्च २०१७ मध्ये रूढ झाली, ती त्यास कळत नसे. नीट बांधलेले पान अशा फोनवर एकाखाली एक असे साधे दिसे, पण दिसे. नीट न बांधलेले पान मात्र मोडून पडे.

इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवरील दुवा दाबला की पान त्या ॲपच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडते. तेथून पैसे देण्याचे ॲप उघडण्याचा दुवा काही वेळा चालत नाही. जाहिरात तेथे आणि पैसे मात्र अडलेले, असा प्रकार होतो.

मग करावे काय?

पहिली गोष्ट, साधेपणापासून सुरुवात करावी. साडीचे नाव, फोटो, किंमत, फोन नंबर आणि मागणीचा मार्ग एवढे जुन्यातील जुन्या फोनवरही दिसलेच पाहिजे. नक्षीकाम त्यावर चढवावे, जेणेकरून एखाद्या ब्राउझरला नक्षी जमली नाही तरी वस्त्र शाबूत राहील. आधी ताणा-बाणा, मग बुट्टी.

दुसरी गोष्ट, बयाणा देण्यापूर्वी करार लेखी करावा. कोणत्या ब्राउझरवर, कोणत्या आवृत्तीपासून पुढे आणि कोणत्या फोनवर पान चालेल, हे त्यात नाव घेऊन लिहावे. 'सर्वत्र चालेल' हे शब्द म्हणजे 'माल चांगला आहे' असे म्हणण्यासारखे आहेत. त्यांना बाजारात किंमत नाही. दुरुस्ती किती दिवस विनामूल्य मिळेल, हेही त्यातच यावे. ब्राउझरच्या नव्या आवृत्त्या येतच राहतात, म्हणून आज चालणारे पान उद्या तपासावे लागते.

तिसरी गोष्ट, तपासणी बनवणाऱ्याच्या संगणकावर न करता गिऱ्हाइकाच्या फोनवर करावी. एक आयफोन, एक नवा अँड्रॉइड, एक चार-पाच वर्षे जुना स्वस्त अँड्रॉइड आणि एक संगणक, एवढी साधने घरात, शेजारात मिळून जातात. प्रत्येकावर एक रुपयाची खरी मागणी शेवटपर्यंत, पैसे भरेपर्यंत, करून पाहावी. नुसते पहिले पान पाहून समाधान मानणे म्हणजे थानाची वरची घडी पाहून गठ्ठा उचलणे होय. कोणते गिऱ्हाईक कोणत्या ब्राउझरवरून येते याची मोजणीही संकेतस्थळावर ठेवता येते. ती महिन्यातून एकदा पाहावी.

चौथी गोष्ट, 'हे पान अमुक ब्राउझरवरच पाहा' अशी पाटी लावू नये. अमुक जोडे घालूनच दुकानात या, असे सांगणाऱ्या दुकानदाराकडे कोण जाईल? सरकारी कामात मात्र अशी पाटी असल्यास ती पाळावी. संगणकावर दोन वेगळे ब्राउझर अद्ययावत ठेवावेत आणि विवरणपत्र शेवटच्या दिवसापर्यंत लोंबकळत ठेवू नये.

पाचवी गोष्ट, संकेतस्थळ बनवणारी मुले आपल्याच भागातील, होतकरू असतात. तक्रार करताना 'चालत नाही' एवढेच न सांगता फोनचे नाव, ब्राउझर, त्याची आवृत्ती आणि स्क्रीनचा फोटो द्यावा. निम्मे काम तेथेच होते. आणि चार ब्राउझरवर तपासणी करण्यास वेळ लागतो, तेव्हा त्या वेळाचा मोबदलाही खुशीने द्यावा. घासाघीस करून तो कापला, तर कापली जाते ती तपासणीच.

दुकानात आलेले गिऱ्हाईक नाराज झाले तर तोंडावर बोलते, आपण समजूत घालतो आणि चहा पाजतो. संकेतस्थळावरचे गिऱ्हाईक बोलत नाही. ते पान बंद करते आणि दुसऱ्याकडे जाते. आपल्याला वाटते की मागणीच नाही. आंधळगावच्या मागावर साडी विणणाऱ्या कारागिराची मजुरी त्या न आलेल्या मागणीत अडकलेली असते, आणि त्याला बिचाऱ्याला तर ब्राउझर हा शब्दही ऐकून माहीत नसतो. म्हणून ज्यांनी संकेतस्थळ काढले आहे त्यांनी या आठवड्यात कोणा दुसऱ्याचा फोन मागून घ्यावा आणि त्यावर आपले दुकान एकदा उघडून पाहावे, ही आमची सर्व व्यापारी बांधवांना विनंती आहे.